एकशे शहाऐंशी पौंड

१

अरविंद देवस्थळी मेला तो वजनाच्या काट्यावर उभा असताना.

१९६१ सालचा फेब्रुवारी, सोमवारची सकाळ. बंगळूरच्या एका विमान कारखान्याच्या दवाखान्यात तपासणीची रांग लागली होती. अरविंदने बूट काढले, चष्मा काढला, खिशातलं पेन आणि किल्ल्यासुद्धा टेबलावर ठेवल्या आणि तो काट्यावर चढला. डॉक्टरांनी आकडा वाचला, "एकशे शहाऐंशी पौंड."

"पुन्हा बघा," अरविंद म्हणाला.

डॉक्टरांनी पुन्हा बघितलं. आकडा काही हलला नाही. अरविंदने छातीवर हात दाबला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तो सरळ खाली कोसळला. डॉक्टर वाकेपर्यंत सगळं संपलं होतं. वय अवघं छत्तीस.

अरविंद इंजिनिअर होता. विमान तयार झालं की चाचणीच्या उड्डाणात वैमानिकाच्या मागे बसून यंत्रांची नोंद ठेवायची, हे त्याचं काम. त्या जागेला वजनाची मर्यादा होती, एकशे शहात्तर पौंड. नोव्हेंबरात तो बारा पौंड जास्त भरला तेव्हा डॉक्टरांनी तीन महिने दिले होते. कमी झालं तर ठीक, नाहीतर जन्मभर जमिनीवर, टेबल-खुर्चीला.

त्याच्या आतल्या खिशात एक लहान बाटली सापडली. आत दोन गुलाबी गोळ्या, वर हाताने लिहिलेली चिठ्ठी, 'दिवसाला एक'. बारीक होण्याच्या त्या गोळ्या तेव्हा कोणीही दुकानात जाऊन मागाव्या आणि कोणीही द्याव्या, अशी रीत होती. भूक मारायची आणि अंगातली भट्टी पेटवायची, असं त्यांचं काम. डॉक्टरांनी बाटली हुंगली, प्रेताच्या बुबुळांकडे पाहिलं आणि पोलिसांना बोलावलं.

संध्याकाळी मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉस रस्त्यावरचं एक औषधाचं दुकान बंद झालं. दाराला पोलिसांचं सील आणि मालक व्यंकोजी कोठडीत.

२

"अण्णा, माझा एकुलता एक आहे रे तो! काहीतरी कर की!"

सोयराबाई भावाच्या दारात बसून कपाळ बडवत होती. भाऊ म्हणजे उमाजीराव. म्हैसूर पोलिसांत तीस वर्षं काढून फौजदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी, बाजारात कानडी आणि डोकं भडकलं की दोन्ही एकदम. ते भडकायला वेळही फारसा लागत नसे.

"रडणं थांबव पहिलं," उमाजीराव खेकसले. "पोरगा निर्दोष असेल तर आणतो. दोषी असेल तर मीच त्याचे हातपाय मोडतो. सरी? कळलं?"

ठाण्यावर इन्स्पेक्टर मल्लाप्पा होता. एके काळी उमाजीरावांच्या हाताखालचा शिपाई. त्याने उठून खुर्ची दिली, पण चेहरा काही सैल केला नाही.

"उमाजीअण्णा, तुमचा भाचा म्हणून मी दोनदा विचार केला. पण मयताच्या बायकोची जबानी स्वच्छ आहे. नवरा रोज सकाळी तिच्यासमोर एक गोळी घ्यायचा. एक म्हणजे एकच. माणूस इतका मोजूनमापून वागणारा, की दाढीच्या पाण्याचंही माप. मग एका गोळीने हृदय कसं फाटेल? म्हणजे गोळीच चुकीची. तुमचा भाचा मोठ्या डब्यातून गोळ्या काढून बाटल्या भरतो. भलताच डबा हातात आला असणार."

"गोळ्या तपासायला पाठवल्यास?"

"दोनच उरल्यात. अहवालाला महिना लागेल. आणि त्या दोन चांगल्या निघाल्या म्हणून खाल्लेल्याही चांगल्या होत्या, असं कुठे ठरतं? रिमांड शनिवारी संपतोय, तेव्हा पुन्हा मॅजिस्ट्रेटसमोर उभा करतोय त्याला. सदोष मनुष्यवध."

कोठडीत व्यंकोजी गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. मामाला पाहताच गजांशी आला.

"मामा, देवाशपथ, डबा एकच आहे. दुसऱ्या डब्याचा प्रश्नच नाही. आणि एक गोळी कसली? पहिल्या महिन्यात त्यांनी एक बाटली नेली. मग पंधरा दिवसांनी आले. मग दर आठवड्याला यायला लागले."

"आणि तू देत गेलास?"

"मी विचारलं एकदा. म्हणाले, ऑफिसातला दोस्तही घेतो. नंदकिशोर नाव सांगितलं."

"बिलं?"

व्यंकोजीने मान खाली घातली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकलेल्या मालाचं बिल कोण करणार!

"मल्लाप्पाला हे सांगितलंस?"

"सांगितलं. त्यांनी त्या नंदकिशोरला बोलावलं. तो म्हणाला, मी असली गोळी आयुष्यात तोंडात घातलेली नाही. मामा, आता माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही हो!"

खरं सांगायचं तर उमाजीरावांचाही बसत नव्हता. बहिणीचा लेक असला म्हणून काय झालं? कोठडीतला माणूस काहीही बोलतो, हे त्यांनी तीस वर्षं पाहिलं होतं. हातात दोन दिवस होते आणि भाच्याच्या बाजूने एकही साक्षीदार नव्हता.

३

नंदकिशोर म्हणजे अंगावर मांस शोधावं लागेल असा सडसडीत तरुण. गुरुवारी दुपारी कारखान्याच्या फाटकापाशी तो उमाजीरावांना भेटला आणि भेटल्याबरोबर चिडला.

"मला कशाला हव्यात त्या गोळ्या? माझं वजन एकशे बावीस आहे! हे बघा, लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे. देवस्थळी खाली बसला असता तर उड्डाणाची जागा मला मिळाली असती. मिळायला हवीच होती, मी दोन वर्षं रांगेत आहे. पण म्हणून मी माणूस मारीन?"

"तुम्ही मारलं असं म्हणालो का मी? तो काटा नीट आहे का, तेवढं सांगा. कोणी त्याच्या स्प्रिंगशी खेळ केला असेल तर?"

"तोच संशय देवस्थळीलाही आला होता," नंदकिशोर जरा थंडावला. "चला, दाखवतो."

अरविंदचं लोखंडी कपाट अजून कोणी उघडलं नव्हतं. मल्लाप्पाला दुकान सापडल्यावर कपाटाची गरजच उरली नव्हती ना! पर्यवेक्षकाने किल्ली लावली. आत एक वही होती, तिच्यात पुठ्ठ्याची पंधरा-वीस तिकिटं. स्टेशनवरच्या वजनाच्या यंत्रात नाणं टाकलं की पडतात ती, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. प्रत्येक तिकिटावर अरविंदने तारीख घातली होती. वहीतही त्याच तारखांना दवाखान्याच्या काट्याचे आकडे होते. उमाजीरावांनी एकेक जुळवून पाहिले. दोन्हीकडे वजन सारखंच. एकशे अठ्ठ्याऐंशी, एकशे सत्त्याऐंशी, पुन्हा सत्त्याऐंशी, एकशे शहाऐंशी. तीन महिन्यांत फक्त दोन पौंड उतरले होते. काटा खोटं बोलत नव्हता.

"खायचा काय हा?"

"काय खाणार! नाचणीच्या दोन भाकऱ्या, पालेभाजी, वर ताक. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. आमच्या इथे मैसूरपाक वाटला तरी शिवायचा नाही. अहो, भूकच नसायची त्याला, दुसरी भाकरी निम्मी परत न्यायचा. आणि चालायचा किती! आधी सँकी तळ्याला फेऱ्या मारायचा. मग मल्लेश्वरमपासून हेब्बाळच्या तळ्यापर्यंत, जाऊन येऊन, रोज पहाटे."

कपाटाच्या तळाशी कामाचे जुने बूट होते. उमाजीरावांनी सवयीने बुटात हात घातला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. एकामागून एक त्यांनी बाटल्या बाहेर काढल्या. लहान, रिकाम्या, व्यंकोजीच्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांच्या. अकरा बाटल्या. तीस-तीस गोळ्यांच्या.

भाचा खरं बोलत होता. त्याच क्षणी उमाजीरावांना त्याचा संतापही आला. अकरा बाटल्या! हात थरथरणाऱ्या, घामाने भिजलेल्या गिऱ्हाइकाला दर आठवड्याला हसतमुखाने बाटली देताना गाढवाला काही वाटलं नसेल?

"आणि हा त्याचा डबा," नंदकिशोर हळूच म्हणाला. "सोमवारचा. तपासणी झाल्यावर जेवणार होता."

डबा उघडल्यावर भाजीचा आंबूस भपकारा आला. वरच्या पुडात कापडात गुंडाळलेल्या दोन भाकऱ्या होत्या. उमाजीराव लहानपणापासून नाचणीवर वाढलेला माणूस. त्यांनी भाकरी उचलली आणि सहज दुमडली.

ती दुमडली गेली. तीन दिवसांची नाचणीची भाकरी, घडी घातलेल्या रुमालासारखी.

४

देवस्थळींचं घर व्यंकोजीच्या दुकानापासून जवळच होतं, मल्लेश्वरममध्येच. घरात सुतक. चूल बंद, शेजारणी जेवण आणून देत होत्या. बाहेरच्या खोलीत अरविंदची आई, अहल्याबाई, पुण्याहून येऊन दोन महिने झालेली. भिंतीला टेकून बसली होती आणि माणूस दिसला की बोलायला लागत होती. दुःख असं बोलूनच बाहेर पडतं काहींचं.

"माझा पोरगा उपाशी मेला हो! दोन भाकऱ्यांवर राहायचा आणि त्यातही उरवायचा. अन् ही? ही बघा!" तिने आतल्या दाराकडे हात केला. "नवरा वाळायला धडपडतोय आणि बाई फुगतेय. दिवाळीचं पोलकं दोनदा उसवलं. लपूनछपून खात असणार, दुसरं काय!"

"तुम्ही पाहिलंत खाताना?"

म्हातारी अडखळली. मग खोटं बोलणं जिवावर आल्यासारखी म्हणाली, "नाही. खोटं का सांगू? माझ्या देखत तरी ती नवऱ्याच्या ताटातच जेवायची. आमच्याकडची रीत आहे. नवऱ्याचं झालं की त्याच ताटात, त्याचं उरलेलं आधी संपवायचं, मग आपलं वाढून घ्यायचं. एवढी बी.ए. झालेली, पण ती रीत तिने मोडली नाही कधी. अरविंद ओरडायचा, वेगळं घे म्हणून. ऐकायची नाही. म्हणायची, त्यांच्या ताटातलं टाकायचं नसतं."

"स्वयंपाक वेगवेगळा व्हायचा?"

"त्या दोघांचा एकच, नाचणीचा. मला दात नाहीत, माझा मऊ भात निराळा."

आतून सुलभा बाहेर आली. तिशीची असेल, चार दिवसांत डोळे खोल गेलेले. तिच्या पोलक्याची शिवण काखेपाशी उसवून नव्या दोऱ्याने पुन्हा घातलेली होती. जुना दोरा विटका, नवा लख्ख. तिने खाली बसून हात जोडले.

"काका, तुम्ही त्या दुकानदाराचे मामा ना? मला माहीत आहे. तरी बसा. मी माझी जबानी बदलणार नाही. ते एकच गोळी घ्यायचे, मी रोज पाणी द्यायची. त्यांना हृदयाचा आजार नव्हता. कोणीतरी निष्काळजीपणे काहीतरी भरलं आणि माझा माणूस गेला. त्याला शिक्षा झालीच पाहिजे."

"बरोबर आहे," उमाजीराव म्हणाले. "शेवटी शेवटी तब्येत कशी होती त्यांची?"

"झोप उडाली होती. पहाटे तीनला उठून बूट पॉलिश करत बसायचे. चिडायचे. हात कापायचे. मी म्हणायची, सोडा हो ते उडणं, जमिनीवरही नोकरी आहेच की..."

एवढ्यात छपरावरून विमानाची घरघर आली. सुलभा वाक्याच्या मध्येच थांबली. तिने डोळे मिटले आणि आवाज पार विरेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग डोळे उघडून, काहीच झालं नाही अशा आवाजात म्हणाली, "सवय आहे. गेल्या आषाढात यांचे जोडीदार हरी गेले ना, तेव्हापासून. उड्डाणात इंजिनात घार शिरली, विमान पडलं. कोणाची चूक नव्हती. मी त्यांच्या बायकोपाशी, नयनापाशी, तेरा दिवस बसले होते. हरींना गुंडाळूनच आणलं होतं. तिला तोंडही बघू दिलं नाही."

उमाजीराव उठले. दारात त्यांनी एकच प्रश्न विचारला. "नाचणीची भाकरी कोणी शिकवली हो तुम्हाला? तुम्ही पुण्याच्या."

"शेजारच्या रत्नाबाईंनी," सुलभा म्हणाली. तिचा चेहरा क्षणभर पांढराफटक पडला.

५

"भाकरी कर," घरी येताच उमाजीराव बहिणीला म्हणाले. "नाचणीची."

"माझा पोर कोठडीत आणि तुला भाकरी सुचते?"

"कर म्हणतो ना!"

सोयराबाईने रडत रडत एक भाकरी थापली. उमाजीरावांनी ती कापडात गुंडाळून ठेवली. सकाळी सोडली तेव्हा ती कौलासारखी कडक झाली होती. मोडली तर तुकडे पडले. त्यांनी कपाटातून वही-बाटल्यांसोबत आणलेल्या डब्यातली भाकरी शेजारी ठेवली.

"आता ही बघ. हिला चार दिवस झाले."

सोयराबाईने ती बोटांत चुरली, नाकाशी नेली आणि डोळे पुसायची विसरली. "अय्यो, अण्णा! ही भाकरी म्हणायची का? पिठाच्या निम्मं लोणी आहे हिच्यात! नाचणीच्या काळ्या रंगात दिसत नाही म्हणून. वर तूप मुरवलंय ते वेगळंच. हे खाऊन कोण बारीक होणार?"

"कोणी नाही. तेच तर."

उमाजीराव ओट्यावर जाऊन बसले आणि सगळं एकापुढे एक मांडू लागले. एका ताटात दोघं जेवत होती. त्याने दिवसाला चार-पाच गोळ्या खाल्ल्या, कोसकोस चालला, आणि तो जागचा हलला नाही. तिने गोळ्या खाल्ल्या नाहीत, चालली नाही, आणि तिचं पोलकं उसवलं. दोघांच्या पोटात जात होतं ते एकच. अहल्याबाईला वाटलं सून चोरून खाते. चोरून काहीच नव्हतं, सगळं ताटातच होतं. आणि तिला ते खाणं टाळता आलं नसतं का? आलं असतं. पण नवऱ्याच्या ताटातलं टाकायचं नाही, ही रीत तिच्या हाडीमाशी भिनलेली.

का घालत होती लोणी? त्याचंही उत्तर छपरावरून घरघरत गेलं होतं. नवऱ्याचं वजन उतरलं नाही तर त्याचं उडणं बंद होणार होतं. तो जमिनीवर राहिला असता. जिवंत राहिला असता. तिला तेवढंच हवं होतं.

आणि भाकरीत लोणी मळणाऱ्या त्या बाईला हे ठाऊकच नव्हतं, की वजन उतरत नाही म्हणून हा माणूस तिच्यापासून लपवून दुसरी गोळी घेतोय. मग तिसरी, मग पाचवी.

उमाजीरावांना एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटलं. भाच्याला सोडवायचा तर हे बोलावं लागणार होतं. न बोलावं तर व्यंकोजी उद्या मनुष्यवधाच्या आरोपाखाली उभा. गाढव होता, लोभी होता, पण खुनी नव्हता. आणि ती बाई, जिचा जगातला एकच माणूस गेला, तिला जाऊन सांगायचं काय?

त्यांनी अरविंदची वही पुन्हा उघडली. काल फक्त आकडे पाहिले होते. आज शेवटचं पान वाचलं आणि वही मिटून बाटल्यांसोबत पिशवीत घातली.

६

शुक्रवारी दुपारी अहल्याबाईचा डोळा लागला होता. उमाजीरावांनी सुलभापुढे अकरा बाटल्या ओळीने ठेवल्या.

"या त्यांच्या बुटांत होत्या."

"कोणीतरी ठेवल्या असतील. ते माझ्याशी खोटं बोलणारे नव्हते."

"खोटं बोलले नाहीत, बाई. एक तुमच्यासमोर घेतली, बाकीच्या तुम्हाला काळजी नको म्हणून मागे. अक्षर त्यांचं ओळखता ना? वही वाचायची की नाही, ते तुम्ही ठरवा. मी जबरदस्ती करणार नाही. पण उद्या माझा भाचा उभा राहणार आहे, म्हणून आलो. नसता आलो."

सुलभाने वही घेतली. पानं उलटली. अक्षर दर आठवड्याला जास्त वाकडं होत गेलेलं. उमाजीरावांना शेवटचं पान पाठ झालं होतं. अरविंदने इंजिनाचा बिघाड शोधावा तसा स्वतःचा बिघाड शोधला होता. 'काटा बरोबर, स्टेशनवर पडताळला. चालणं वाढवलं, फरक नाही. जेवणाचा प्रश्नच नाही, सुलभा स्वतः करते, काटेकोर. म्हणजे दोष माझ्याच शरीरात आहे. गोळ्या पाच.'

सुलभाने ते एकदा वाचलं. मग बोट ठेवून, शाळेतल्या मुलीसारखं, पुन्हा वाचलं.

"काका," ती म्हणाली, "वजन उतरलं असतं तर त्यांनी गोळ्या वाढवल्या नसत्या."

उमाजीराव एकेक बाटली उचलून पिशवीत परत ठेवू लागले.

"एकच घेतली असती."

"बाई, दुकानदाराने द्यायला नको होत्या. त्यांनीही घ्यायला नको होत्या. तुम्ही एकट्या..."

"तुम्हाला भाकरीवरून कळलं ना? काल दारात विचारलंत तेव्हाच मला वाटलं, यांना कळलंय. पण मला वाटलं, बायको नवऱ्याला फसवते एवढंच कळलंय." तिचा आवाज चढला, मग फाटला. "मी त्यांना वाचवत होते हो! रोज वाढताना म्हणायची, अजून दोनच महिने, अजून एकच, मग हे घरी. सोमवारी डबा भरताना मी हसत होते. आज नापास होणार म्हणून हसत होते!"

आत अहल्याबाईने कूस बदलली. सुलभाने तोंडात पदर कोंबला. रडण्याचा आवाज तिने बाहेर येऊ दिला नाही. बऱ्याच वेळाने ती उठली, चपला घातल्या आणि म्हणाली, "चला. ठाण्यावर चला."

७

मल्लाप्पाने सगळी जबानी ऐकली. बाटल्या पाहिल्या, वही पाहिली, भाकरी हातात घेऊन दुमडली. मग त्याने व्यंकोजीला सोडायचा हुकूम लिहिला. दुकानाचं सील मात्र राहणार होतं, चिठ्ठीशिवाय औषधं विकल्याबद्दल. व्यंकोजी बाहेर आला आणि मामाच्या पाया पडायला वाकला. उमाजीरावांनी पाय मागे घेतले.

"सुटलास तू. निर्दोष नाहीस. आईकडे जा, आणि मला चार दिवस तोंड दाखवू नकोस."

व्यंकोजी गेला. सुलभा बाकावरून उठली नाही.

"माझं लिहा आता," ती म्हणाली.

"लिहिलं की, अक्का. तुमची जबानी झाली. तुम्ही घरी जा."

"जबानी नाही. गुन्हा. ज्यासाठी त्या मुलाला उभं करणार होतात, तेच. मी केलं. मी कबूल करते. कुठे सही करायची?"

मल्लाप्पाने उमाजीरावांकडे पाहिलं. उमाजीरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. मल्लाप्पा पुढे वाकला आणि लहान मुलाशी बोलावं तसं बोलला.

"अक्का, भाकरीत लोणी घातल्याबद्दल कलम नाही. कुठल्याच पुस्तकात नाही. मी तुम्हाला आत टाकू शकत नाही."

"बघा ना नीट. काहीतरी असेल." तिने हात जोडले. "थोडं तरी असेल. एक-दोन वर्षांचं."

उमाजीरावांनी त्या खोलीत तीस वर्षं काढली होती. सुटण्यासाठी पाय धरणारे पाहिले, रडणारे पाहिले, देवाच्या खोट्या शपथा घेणारे पाहिले. आत घ्या म्हणून हात जोडणारं माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्यांच्याने ते पाहवेना. त्यांनी तिचा दंड धरून तिला उठवलं आणि टांग्यात बसवलं.

घराच्या फाटकाशी टांगा थांबला. आतून अहल्याबाईचा आवाज आला, "सुलभे, कुठे गेली होतीस? त्या मेल्या दुकानदाराचं काय झालं?"

सुलभा खाली उतरली, पण पुढे सरकेना.

"मी सांगतो त्यांना," उमाजीराव घाईने म्हणाले. "तुम्ही आत जाऊन पडा. अशा बातम्या सांगायची सवय आहे मला."

"नको, काका." तिने पदर सारखा केला. "जेवायला मी वाढलं होतं. सांगतेही मीच."

तिने फाटक उघडलं, पायरीवर चपला काढल्या आणि ती आत गेली.